बेटाचा जमाखर्च

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लहान बेटांवरच्या सरकारांना आपला जमाखर्च सांभाळताना कोणत्या अडचणी येतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो ऐकून काहींना नवल वाटले असेल. अंधेरी, घाटकोपरच्या माणसाला बेटांशी काय कर्तव्य, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु भिंतीवरचा नकाशा एकदा नीट पाहा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही चारही ठिकाणे साष्टी नावाच्या बेटावर वसलेली आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. आज गाडी पुलावरून धडधडत जाते, म्हणून खाडी आपल्या ध्यानात येत नाही इतकेच. आणि दक्षिणेला जे मुंबई शहर आहे, तेथे तर साडेतीनशे वर्षांपूर्वी एका छोट्या बेटावरच्या सरकारने आपला संसार मांडला होता. त्या सरकारला कित्येक वर्षे दोन्ही टोके जुळवता आली नाहीत. त्याची हकिकत मी आज आपणास सांगणार आहे. त्या हकिकतीच्या आधाराने जगातील आणखी काही बेटांकडे पाहू आणि शेवटी आपल्या महानगरपालिकेपाशी येऊ.

बेटाच्या चार अडचणी

प्रथम अडचण नेमकी काय असते ते समजून घेऊ. मोठ्या देशाला जे खर्च असतात, तेच लहान बेटालाही असतात. शाळा हवी, दवाखाना हवा, धक्का हवा, शिपाई हवा, न्यायाधीश हवा. लोकसंख्या हजारपट कमी आहे म्हणून न्यायाधीश हजारावा भाग नेमता येत नाही. म्हणून बेटावर दर माणसामागे सरकारी खर्च जास्त पडतो. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण उत्पन्नाची. बेटावर पिकते थोडे, आणि तेही बहुधा एकाच जातीचे. कोठे नारळ, कोठे ऊस, कोठे मासळी. एकाच खांबावर छप्पर उभे असते. त्या खांबाला वाळवी लागली की सारे घर खाली येते.

तिसरी अडचण परावलंबनाची. धान्य, तेल, कापड, इमारती लाकूड सारे बाहेरून आणावे लागते. वाटेत जो कोणी बसला असेल, तो आपला हात मारून घेतो. शिवाय वाहतुकीचे भाडे येताना आणि जाताना दोन्ही वेळा भरावे लागते.

चौथी अडचण संकटाची. मोठ्या देशात एका जिल्ह्यात पूर आला, तर दुसरा जिल्हा मदतीला येतो. बेटावर वादळ आले की सारा देशच वादळात सापडतो. मदतीला दुसरा जिल्हा नसतो. म्हणून बेटाला गंगाजळी, म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, इतरांपेक्षा जास्त लागते. आणि गंमत अशी की ती साठवण्याची ऐपत त्याच्यापाशी इतरांपेक्षा कमी असते.

या चार अडचणी मनात ठेवून आता मुंबईकडे वळू.

दहा पौंडांचे बेट

१६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजघराण्याने राजकन्या कॅथरिनसोबत मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण दिले. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. कारण पोर्तुगीज अधिकारी साष्टी तर सोडाच, माहीमसुद्धा सोडायला तयार नव्हते. राजाच्या हाती आले ते दलदलीचे, खाड्यांनी चिरलेले बेट. तेथे फौज ठेवायची, तट बांधायचा, अधिकाऱ्यांना पगार द्यायचा. आणि उत्पन्न म्हणाल तर नारळाच्या वाड्या, थोडी भातशेती, मीठ आणि मासळी. राजाला हा व्यवहार परवडेना. अखेर २७ मार्च १६६८ रोजी त्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. भाडे किती? वर्षाला अवघे दहा पौंड! आज ज्या भूमीवर एका खोलीची किंमत ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, ती सारी भूमी एका राजाला दहा पौंडांत जड झाली होती. यातच बेटाच्या अर्थकारणाचे सारे मर्म आहे. भूमीची किंमत भूमीत नसते. तिच्यावर कोणते व्यवहार चालतात, यावर ती ठरते.

कंपनी व्यापारी होती. तिने हिशेब मांडला. त्या काळच्या जमेच्या बाजूला कोणत्या बाबी होत्या पाहा. जमिनीचा वाटा, नारळ व ताडीमाडीवरील कर, तंबाखूचा मक्ता, दारूच्या गुत्त्यांचा मक्ता, आणि मुंबई व माहीम बंदरांवरील जकात. बाजू लहान होती. खर्चाच्या बाजूला मात्र तट, तोफा, शिपाई आणि गलबते. त्यात पोर्तुगीजांनी नाक दाबून धरले होते. ठाणे आणि कारंजा, म्हणजे आजचे उरण, त्यांच्या ताब्यात होते. कल्याणकडून धान्य किंवा लाकूड घेऊन येणाऱ्या होड्यांना या ठिकाणी कर भरूनच पुढे यावे लागे. मुंबईकराच्या ताटातल्या भातावर परक्या सरकारची जकात बसत होती. मघाशी सांगितलेली तिसरी अडचण ती हीच.

अशा वेळी १६६९ मध्ये जेराल्ड आँजियर गव्हर्नर झाला. तो १६७७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्या पदावर होता. त्याने केलेल्या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जमिनीच्या कराची. कंपनी आणि जमीनधारक यांच्यात मालकीवरून तंटे होते. कोणाची कोणती जमीन आणि त्यावर कोणी किती द्यायचे, याचा पत्ता नव्हता. आँजियरने रहिवाशांच्या प्रतिनिधींना बोलावून करार केला. १६७२ मध्ये तो ठरला आणि १६७४ मध्ये पक्का झाला. कंपनीने जमिनीवरील आपले दावे सोडावेत आणि त्याबदल्यात रहिवाशांनी दरसाल २० हजार झेराफिन भरावेत, असे ठरले. झेराफिन हे त्या काळचे पोर्तुगीज चांदीचे नाणे. यामुळे सरकारला आपली जमा आधी कळू लागली आणि जमीनधारकाला आपला बोजा कळू लागला. दोन्ही बाजूंना आकडा माहीत असणे, ही कोणत्याही सुव्यवस्थित कारभाराची पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. जमिनीतून वाढणारे उत्पन्न नाही, हे आँजियरने ओळखले. वाढू शकते ती जकात, आणि जकात वाढते व्यापाराने. व्यापारी यायचा तर त्याला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक आणि न्यायाची खात्री हवी. म्हणून न्यायालय सुरू झाले आणि निरनिराळ्या धर्मांच्या व जमातींच्या व्यापाऱ्यांना येऊन राहण्यासाठी आश्वासने देण्यात आली. गुजराती वाणी, पारशी, बोहरा, आर्मेनियन अशी माणसे पुढील काळात येत गेली. मुंबई सर्वधर्मीयांची झाली, यात उदारपणा होता हे खरे. पण रिकाम्या तिजोरीची गरजही होती. ज्या बेटावर पिकत नाही, त्याला माणसेच पिकवावी लागतात.

काटकसर कोठे करावी?

विद्यार्थी मित्रहो, तूट आली की काटकसर करावी, हे तुम्ही पुस्तकात वाचता. पण कोणत्या ठिकाणी काटकसर करावी, हा प्रश्न पुस्तकात क्वचितच असतो. मुंबई बेटाने त्याचे उत्तर महागात घेतले.

आँजियरनंतर लंडनच्या संचालकांनी खर्च कमी करण्याचा धडाका लावला. फौजेचे पगार आणि भत्ते छाटले. लंडनहून पाहणाऱ्याला वहीतला आकडा दिसतो. माहीमच्या तटावर पावसात उभा असलेला शिपाई दिसत नाही. परिणाम असा झाला की २७ डिसेंबर १६८३ रोजी फौजेचा प्रमुख रिचर्ड केग्विन याने बंड करून बेटाचा कारभार हाती घेतला. सुमारे अकरा महिने मुंबई कंपनीच्या हातातून गेली. या काळात केग्विनने छत्रपती संभाजी महाराजांशी करारही केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीचे आश्वासन मिळाल्यावर त्याने बेट परत दिले. पगारात वाचवलेले पैसे या प्रकरणात किती पटींनी गेले असतील, याचा विचार आपणच करावा.

पुढे कंपनीने मोगल बादशहाशी वैर ओढवून घेतले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ बेटाचा मोठा भाग त्याच्या ताब्यात राहिला. शेवटी कंपनीला औरंगजेबाकडे माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. लहान बेटाची शिल्लक एका चुकीच्या धोरणाने कशी धुऊन निघते, त्याचा हा नमुना.

येथे जंजिऱ्याचाही उल्लेख करायला हवा. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची मंडळी येथे बसली आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. जंजिरा म्हणजे पाण्यातला किल्ला. किल्ल्यात भात पिकत नाही. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले, कारण तटाच्या पाठीशी किनाऱ्यावरचा मुलूख, तेथील शेती आणि बंदरे होती. नुसत्या तटाने पोट भरत नाही.

मुंबईच्या इंग्रजांनाही असा मुलूख हवा होता, आणि त्यांची नजर होती आपल्या साष्टीवर. भाताची कोठारे येथे होती. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली, तेव्हा मुंबईत घबराट पसरली. शहराभोवती खंदक खणायला सरकारपाशी पैसा अपुरा होता. तेव्हा व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. अंधेरी, बोरिवलीची भातखाचरे मुंबईच्या हिशेबात आली ती अशी.

तरीही तूट भरून निघाली नाही. मुंबईचा खर्च बंगालच्या पैशावर चालत होता. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने तर १७८० नंतरच्या दशकात मुंबईचा कारभार आखडून तेथे एक साधे व्यापारी ठाणे ठेवावे, असा विचार चालवला होता. मुंबई त्यातून वाचली ती एका दूरच्या घटनेमुळे. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरील कर मोठ्या प्रमाणात कमी केला. चहाचा खप वाढला. चहा मिळे चीनमध्ये, आणि चीनला बदल्यात द्यायला माल हवा होता. गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागला. पुढे त्यात अफूचीही भर पडली. बंदर चालू लागले. कर कमी झाला लंडनला, वाहतूक वाढली कँटनची, आणि तिजोरी सावरली मुंबईची! लहान बेटाचे नशीब दूरच्या बाजारात कसे ठरते, हे यावरून दिसते. त्यात भले झाले तरी ते आपल्या हातातले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर बेट बेट राहिले नाही. १८०५ पर्यंत शीवचा बांध होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. माहीम-वांद्रे बांधासाठी सरकार पैसा देईना, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि या वाटेवर टोल घेऊ नये अशी अट घातली. तो बांध १८४५ मध्ये खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, ती घाटकोपर-मुलुंडच्या रानातूनच. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि १८७९ मध्ये तुळशीचे. भात, दगड, वाळू, पाणी आणि अखेर कामाला जाणारी माणसे, सारे साष्टीने पुरवले. तीच साष्टी आज आपले उपनगर आहे.

जगातील काही उदाहरणे

मुंबई मोठी झाली. परंतु जगात आजही कित्येक बेटे त्याच जुन्या अडचणींत आहेत. त्यांपैकी काहींकडे धावती नजर टाकू.

आपल्याच देशातले लक्षद्वीप घ्या. १९५६ पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे. सारे क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर, वस्ती असलेली बेटे दहा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे बोरिवलीच्या एखाद्या प्रभागाएवढी माणसे. पण ती दहा ठिकाणी विखुरलेली. त्यामुळे दहा ठिकाणी शाळा, दहा ठिकाणी दवाखाने, दहा ठिकाणी धक्के. तांदूळ आणि डिझेल कोचीहून जहाजाने जाते. विजेचा मोठा भाग त्या डिझेलवरच तयार होतो. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर पातळ, म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारावा लागला. नारळ आणि ट्यूना मासळी यांच्या उत्पन्नावर हा खर्च निघणे शक्यच नाही. तो केंद्र सरकार देते. तेथील साक्षरता २०११ मध्ये ९१ टक्क्यांच्या वर होती, ही आनंदाची गोष्ट. मात्र त्या प्रदेशाला विधानसभा नाही. त्यांच्या खर्चाचे निर्णय दूर दिल्लीत होतात. जो पैसा देतो तो निर्णयही घेतो, हा जगाचा नियमच आहे.

आता पॅसिफिक महासागरातील नाउरू बेट पाहा. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले. बेटावर फॉस्फेटचे, म्हणजे खताच्या दगडाचे, साठे होते. ते खणून विकता विकता १९७० नंतरच्या दशकात तेथील दरडोई उत्पन्न जगातील अत्यंत श्रीमंत देशांच्या रांगेत गेले. प्राप्तिकर नाही, स्वतःची विमाने, मेलबर्न शहरात १९७७ मध्ये बांधलेली ५२ मजली इमारत. १९९३ मध्ये तर लंडनच्या एका संगीत नाटकात पैसा घातला. ते नाटक थोड्याच दिवसांत बंद पडले. पुढे फॉस्फेट संपत आले. भविष्यासाठी ठेवलेला निधी गैरव्यवस्थेत आटून गेला. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली आणि २००५ मध्ये शेवटचे विमान धनकोंनी जप्त केले. बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही, असे आपण म्हणतो. नाउरूने ते अक्षरशः करून दाखवले. त्यांचा डोंगरच होता, तो खणून खाल्ला.

त्याच भागात किरिबाती आहे. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. तेथेही बनाबा नावाच्या बेटावर फॉस्फेट होते. त्या बेटाच्या मूळ रहिवाशांना १९४५ मध्ये दूर फिजीकडे हलवण्यात आले, हा अन्याय विसरता येत नाही. पण हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट तेथे चांगली झाली. १९५६ मध्ये फॉस्फेटच्या उत्पन्नातून एक राखीव निधी सुरू केला गेला. १९७९ मध्ये खाण संपली आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. खाण गेली, निधी राहिला. आज त्या निधीत एक अब्जाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर आहेत. किरिबाती आजही गरीब देश आहे. पण वाईट वर्षी हात पसरण्याआधी त्याला स्वतःच्या पेटीत हात घालता येतो.

मॉरिशसचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे, कारण तेथे मराठी कुटुंबे आहेत. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या माणसांचे ते वंशज. १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा निर्यात जवळजवळ सारी साखरेची होती. एकच खांब! प्रोफेसर जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच वाढती लोकसंख्या आणि एकटी साखर पाहून चिंतेचा अहवाल दिला होता. त्या सरकारने साखरेला चांगला भाव होता तेव्हाच दुसरे खांब उभारायला घेतले. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, कपड्यांचे कारखाने आले, मग पर्यटन आले, मग बँका आणि सेवा. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. कारखान्यात आणि पुढे कचेरीत काम करणारी पिढी त्यातूनच तयार झाली.

शेवटचे उदाहरण मालदीवचे. १९७२ मध्ये तेथे पर्यटनाला सुरुवात झाली आणि मासेमारीवर जगणारा देश सुस्थितीत आला. पण खांब पुन्हा एकच. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत विमाने थांबली आणि एका वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने खाली आले. मोठे पूल, विमानतळ यांसाठी कर्जे काढलेली होतीच. २०२४ मध्ये परकीय चलन इतके कमी झाले की भारताने ऑक्टोबर महिन्यात ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय करून दिली. पूल उपयोगाचा असतो, विमानतळही असतो. पण हप्ता डॉलरात भरायचा आणि डॉलर एकाच धंद्यातून यायचे, हे गणित अवघड आहे.

आजची मुंबई

आता परत आपल्या घरी येऊ. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरसह काही आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतची उपनगरे मुंबई महानगरपालिकेत आली. १९६५ पासून महानगरपालिका जकात घेऊ लागली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिल्या आहेत. ठाणे आणि कारंजाला पोर्तुगीज जे करत, तेच थोड्या निराळ्या रूपाने आपण करत होतो: वेशीवर थांबवून कर घेणे. ही पद्धत त्रासाची होती, वेळखाऊ होती आणि तिच्यात गैरप्रकारही होत. पण पैसा रोज येत होता आणि तो महानगरपालिकेचा स्वतःचा होता. २०१६-१७ मध्ये जकातीचे उत्पन्न सुमारे ७ हजार कोटी रुपये होते आणि ती जमेची सर्वांत मोठी बाब होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात बंद झाली. त्याबदल्यात राज्य सरकारने भरपाईचा कायदा केला. पहिल्या महिन्याचा धनादेश सुमारे ६४७ कोटी रुपयांचा होता, आणि ही रक्कम दरसाल ८ टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद आहे. वाहतूक सोपी झाली, हे चांगले झाले. परंतु सर्वांत मोठी बाब आता स्वतःच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या धनादेशावर आली. २०२२ च्या आरंभापासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आपल्यासारख्या लहान खोल्यांत राहणाऱ्यांना तो दिलासाच आहे. मात्र वहीच्या जमेच्या बाजूची आणखी एक ओळ त्याने लहान झाली. मग भार पडतो बांधकाम परवानग्यांच्या शुल्कावर आणि अधिमूल्यावर. घरे बांधली जात आहेत तोवर ते येणार. बांधकाम मंदावले की तेही मंदावणार.

खर्च मात्र वाढतो आहे. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. सागरी किनारा मार्ग, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, पूल आणि रस्ते ही मोठी कामे त्यात आहेत. बँकांतील ठेवी २०२२ च्या सुमारास ९० हजार कोटींच्या पुढे होत्या, त्यानंतर त्या खाली आल्या. या ठेवींतला काही भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि कंत्राटदारांच्या अनामतीचा, म्हणजे दुसऱ्यांचा आहे. ठेवी कामाला लावू नयेत असे मी म्हणत नाही. पेटीतला पैसा पुलासाठी काढला तर पूल राहतो. पण पूल झाल्यावर तो सांभाळण्याचा दरसालचा खर्च कोठून येणार, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला पाहिजे. आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ ही तिन्ही अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि मंजूर केली. जेथे लोकांचा प्रतिनिधी आकडा वाचायला बसलेला नाही, तेथे आकडा वाचण्याचे काम लोकांवर येते.

मुंबई काही नाउरू नाही, हे मान्य आहे. पण ती अजूनही बेटच आहे. तिचे पाणी ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून येते, भाजी आणि दूध बाहेरून येते आणि आता उत्पन्नाचा मोठा हिस्साही बाहेरून येतो. आँजियरच्या काळचे प्रश्न नाव बदलून आपल्या दारात उभे आहेत.

पालकांना व विद्यार्थ्यांना

येथपर्यंत सरकारांविषयी बोललो. पण ऐकता ऐकता आपल्या मनात स्वतःच्या घराचा विचार आला असेल, तर तो योग्यच आहे. एक कमावता हात आणि सात खाणारी तोंडे असलेले घर हे एक बेटच असते. कोकणातील आणि उपनगरांतील कित्येक घरांना आखाती देशांतील नोकरीने वर आणले. त्या पैशातून कोणी घरे बांधली, कोणी लग्ने थाटात केली, कोणी मुलांना शिकवले. नोकरी ही फॉस्फेटच्या खाणीसारखी आहे. तिची मुदत ठरलेली असते. ज्यांनी मिळकत चालू असतानाच दुसरा खांब उभारला, त्यांची घरे नोकरी संपल्यावरही उभी राहिली. मुलगा असो वा मुलगी, शिकलेले मूल हा दुसरा खांब आहे. मॉरिशसने तो देशाच्या पातळीवर उभारला. आपण तो घराच्या पातळीवर उभारू शकतो.

पालकांना माझी विनंती अशी की घराचा जमाखर्च मुलांसमोर मांडावा. मुलाला आकडा कळला तर तो हट्ट कमी करतो आणि जबाबदारी लवकर उचलतो. आँजियरच्या करारात जे घडले, तेच घरातही घडते: दोन्ही बाजूंना आकडा माहीत झाला की तंटा मिटतो. आणि घरात काटकसर करण्याची वेळ आली, तर ती केग्विनच्या फौजेसारखी करू नका. पुस्तकांत, फीमध्ये, दुधात कात्री लावू नका. जेथे कात्री लावल्याने उद्याचा आधारच कापला जातो, ती काटकसर नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला तीन प्रश्न देतो. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पैसा कोठून येतो? किती खांबांवर? आणि वाईट दिवसासाठी किती बाजूला आहे? दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात महानगरपालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाते आणि वर्तमानपत्रांत त्याचे आकडे येतात. त्या दिवशी हे तीन प्रश्न घेऊन बसा. तुमच्या प्रभागात कोणते काम मांडले आहे, गेल्या वर्षी मांडलेले काम झाले का, ते पाहा. समजले नाही तर शिक्षकांना विचारा. पुढे तुमच्यापैकी कोणी हिशेबनीस होईल, कोणी लेखापरीक्षक, कोणी महानगरपालिकेत अधिकारी, कोणी नगरसेवक. दहा पौंडांचे बेट ज्या माणसांनी नावारूपाला आणले, त्यांत गव्हर्नर थोडे होते आणि वही नीट लिहिणारे कारकून, व्यापारी, खलाशी व कारागीर पुष्कळ होते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ते खरेच आहे. बेटांच्या इतिहासाने त्यात एवढीच भर घातली आहे की पाय आखडून बसण्यापेक्षा, ऊन आहे तोवर दुसरे अंथरूण विणायला घ्यावे.